वाचकांचे प्रश्न : मुंबईच्या पोटातून जाणारी मेट्रो

कफ परेडपर्यंतचा शेवटचा टप्पा ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झाला आणि मुंबईची भुयारी मेट्रो, म्हणजे सरकारी कागदपत्रांतली ‘मेट्रो मार्गिका ३’, पूर्ण लांबीने धावू लागली. तेव्हापासून या मार्गाविषयी वाचकांची बरीच पत्रे आली आहेत. त्यांपैकी निवडक प्रश्न या अंकात घेतले असून सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

कोलकात्यात भुयारी रेल्वे १९८४ सालीच धावू लागली. देशातली पहिली प्रवासी आगगाडी ज्या मुंबईत धावली, त्या मुंबईला मात्र भुयारी मेट्रोसाठी आणखी चाळीस वर्षे थांबावे लागले. असे का व्हावे? (एक वाचक, डोंबिवली)

आपण सांगितलेले अंतर अगदी बरोबर आहे. कोलकात्यात एस्प्लनेड ते भवानीपूर हा साडेतीन किलोमीटरांहून थोडा कमी लांबीचा मार्ग २४ ऑक्टोबर १९८४ रोजी सुरू झाला, आणि मुंबईच्या भुयारी मार्गाच्या पहिल्या टप्प्याचे उद्घाटन ५ ऑक्टोबर २०२४ रोजी होऊन दोन दिवसांनी तो प्रवाशांसाठी खुला झाला. या विलंबाचे मोठे कारण, आमच्या मते, आपली लोकलच आहे. कोलकात्याची हावडा आणि सियालदह ही मोठी स्थानके शहराच्या कडेला आहेत आणि मध्यवस्तीतून उत्तर-दक्षिण जाणारी उपनगरी रेल्वे त्या शहराला नव्हती. मुंबईत याच्या उलट स्थिती होती. बोरीबंदर ते ठाणे ही गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली, ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला या मार्गावर विजेची गाडी आली, आणि त्यानंतर तीन वर्षांच्या आत पश्चिमेकडचा मार्गही बोरिवलीपर्यंत विजेवर गेला. शहराच्या दोन्ही बाजूंना अशी दणकट रेल्वे असल्यामुळे जेव्हा जेव्हा गर्दी वाढली, तेव्हा तेव्हा डबे वाढवणे, फेऱ्या वाढवणे आणि नवे रूळ टाकणे हाच स्वाभाविक उपाय वाटला. नऊ डब्यांच्या गाड्या बारा डब्यांच्या झाल्या, बाराच्या पुढे काही पंधरा डब्यांच्याही झाल्या. लोकलने इतकी वर्षे इतका भार वाहिला, म्हणून दुसऱ्या व्यवस्थेचा विचार पुढे ढकलणे शक्य झाले, आणि त्याची किंमत दारात लटकून प्रवास करणाऱ्या दोन-तीन पिढ्यांनी मोजली.

मेट्रोचा सर्वंकष आराखडा २००४ च्या सुमारास तयार झाला. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणासाठी दिल्ली मेट्रोने केलेल्या त्या अभ्यासात सुमारे १४६ किलोमीटरांचे जाळे सुचवले होते. त्यातला वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर हा उन्नत मार्ग आधी हाती घेण्यात आला. जून २००६ मध्ये त्याची पायाभरणी झाली आणि ८ जून २०१४ रोजी तो सुरू झाला. कुलाब्याहून उत्तरेकडे जाणारा मार्गही मूळ आराखड्यात होता, पण त्या वेळच्या कल्पनेप्रमाणे दक्षिण मुंबईतला भाग तेवढा भुयारी आणि पुढचा उन्नत असा तो मार्ग वांद्र्याच्या आसपास संपणार होता. २०११ च्या सुमारास त्याला आजचे रूप आले: मार्ग विमानतळावरून अंधेरी पूर्वेच्या सीप्झ या निर्यात-उद्योगांच्या वसाहतीपर्यंत वाढवायचा, तो भुयारी करायचा आणि खासगी भागीदाराची वाट न पाहता सरकारी पैशातून बांधायचा. केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०१३ मध्ये त्याला मान्यता दिली. २०१६ साली सात भागांत कंत्राटे दिली गेली आणि त्या वर्षाच्या अखेरीपासून रस्त्यांवर निळे-पांढरे पत्रे उभे राहू लागले.

नकाशावर पाहिले तर हा मार्ग फार वेडावाकडा दिसतो. चर्चगेटला आलेली गाडी सरळ उत्तरेकडे न जाता हुतात्मा चौकाकडे वळते, मग सीएसएमटीला जाते, तिथून पुन्हा गिरगावात येते. पुढे वरळी, दादर, धारावी असे वळसे आहेतच. इतका खर्च करून सरळ मार्ग का आखला नाही? (एक वाचक, गिरगाव)

हा या पत्रांतला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, कारण मार्गाच्या वळणांतच त्याचा हेतू आहे. मुंबईतल्या दोन्ही जुन्या रेल्वेमार्गांनी मध्यवस्तीला बगल दिली. पश्चिम रेल्वे चर्चगेटवरून निघून समुद्राच्या कडेने मरीन लाइन्स, चर्नी रोड अशी जाते. मध्य रेल्वे बंदराच्या बाजूने मशीद, भायखळा असा रस्ता धरते. या दोहोंच्या मधली काळबादेवी, चिराबाजार, ठाकूरद्वार ही शहरातली सर्वांत दाट वस्ती पायी, ट्रामने, बसने आणि हातगाडीने चालली. मे १८७४ मध्ये सुरू झालेली घोड्यांची ट्राम आणि १९०७ साली आलेली विजेची ट्राम या भागांना जोडत होती. ३१ मार्च १९६४ रोजी शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला गेली आणि रुळांवरून चालणारे वाहन या भागातून संपले. तीच गोष्ट वरळीची. गिरण्या गेल्या, त्या जागी कचेऱ्यांचे मनोरे आले, पण स्थानक मात्र महालक्ष्मी किंवा लोअर परळला, आणि तिथून पुढे शेअर टॅक्सीची रांग. प्रभादेवीचे सिद्धिविनायक मंदिर, वांद्रे-कुर्ला संकुल, विमानतळ, मरोळ-अंधेरीची औद्योगिक वसाहत आणि सीप्झ या सगळ्या ठिकाणांना एवढी माणसे रोज जातात, आणि यांतल्या एकाही ठिकाणी लोकल थेट पोहोचत नव्हती.

म्हणून मार्ग आखताना रेल्वेने सोडलेली ठिकाणे गाठायची आणि अधूनमधून रेल्वेच्या स्थानकांना स्पर्श करायचा, असे धोरण दिसते. एकूण लांबी सुमारे ३३.५ किलोमीटर, स्थानके २७, त्यांपैकी २६ भुयारी आणि आरेकडचे शेवटचे एक जमिनीवर. दक्षिणेकडून पाहिले तर कफ परेड आणि विधान भवन ही पहिली दोन स्थानके. चर्चगेटला पश्चिम रेल्वे भेटते. तिथून वीर नरिमन रस्त्याच्या दिशेने पूर्वेकडे वळून हुतात्मा चौक, मग दादाभाई नौरोजी रस्त्याच्या बाजूने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, म्हणजे मध्य रेल्वेची गाठ. अवघ्या तीन स्थानकांत दोन्ही रेल्वेंची टोके जमिनीखालून जोडली गेली, हे या वळणाचे सर्वांत मोठे फळ आहे. आजवर चर्चगेटला उतरून सीएसएमटीला जाणारा माणूस भर उन्हात किंवा पावसात चालत जाई, नाहीतर बसची वाट पाही. पुढे काळबादेवी आणि गिरगाव ही दोन स्थानके आहेत. या भागात मार्ग ज्या रस्त्याला धरून जातो, तो जगन्नाथ शंकरशेठ मार्ग. आगगाडी मुंबईत यावी म्हणून ज्यांनी खटपट केली आणि ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या पहिल्या भारतीय संचालकांत ज्यांचा समावेश होता, त्या नाना शंकरशेटांच्या गिरगावात रेल्वे यायला एकविसावे शतक उजाडावे लागले. आता मुंबई सेंट्रलच्या मेट्रो स्थानकालाही त्यांचे नाव आहे, ही गोष्ट आम्हांला मनापासून उचित वाटते.

ग्रँट रोड, मुंबई सेंट्रल, महालक्ष्मी या तीन ठिकाणी पुन्हा पश्चिम रेल्वे जवळ येते आणि मग मार्ग नेहरू विज्ञान केंद्र, आचार्य अत्रे चौक व वरळी असा पश्चिमेकडे सरकतो. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातल्या हुतात्म्यांचा चौक आणि त्या लढ्याची धग आपल्या लेखणीने व वाणीने तेवत ठेवणाऱ्या अत्र्यांचा चौक एकाच मार्गावर आले आहेत. सिद्धिविनायक, दादर आणि माहीमचे शितलादेवी मंदिर यांनंतर धारावी येते, आणि तिथून मिठी नदीच्या तळाखालून गाडी वांद्रे-कुर्ला संकुलात शिरते. पुढे वांद्रे कॉलनी, सांताक्रूझ, देशांतर्गत विमानतळाचे टर्मिनल १, सहार रोड, आंतरराष्ट्रीय प्रवाशांचे टर्मिनल २, मरोळ नाका, एमआयडीसी अंधेरी, सीप्झ आणि अखेरीस जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यालगतचे आरे.

आपल्या पत्रात आणखी एक उपप्रश्न आहे: प्रकल्पाच्या नावात ‘कुलाबा-वांद्रे-सीप्झ’ असे असताना गाडी वांद्रे स्थानकात का जात नाही? या नावातले वांद्रे म्हणजे प्रत्यक्षात वांद्रे-कुर्ला संकुल आणि वांद्रे पूर्वेचा वसाहतींचा भाग. वांद्रे रेल्वे स्थानकावर उतरून मेट्रो पकडू पाहणाऱ्याला रिक्षा किंवा बस करावी लागते, हे आधीच माहीत असलेले बरे.

शंभर-सव्वाशे वर्षांच्या चाळींखालून बोगदा खणताना इमारती उभ्या कशा राहिल्या? खणण्याची पद्धत समजावून सांगावी. (अभियांत्रिकीची एक विद्यार्थिनी, कोल्हापूर)

स्थानके आणि त्यांच्यामधले बोगदे यांची कामे वेगवेगळ्या पद्धतींनी झाली. दोन स्थानकांमधले जुळे बोगदे भुयार खणणाऱ्या महाकाय यंत्रांनी, म्हणजे टनेल बोअरिंग मशीनांनी खणले. अशी १७ यंत्रे शहराच्या वेगवेगळ्या भागांत उतरवली होती आणि त्यांना वैतरणा, तानसा, सूर्या, गोदावरी, कृष्णा, वैनगंगा अशी नद्यांची नावे दिली होती. प्रथम एक खोल विहीर, म्हणजे शाफ्ट खणायचा, यंत्राचे भाग यारीने खाली सोडून तळाशी जोडायचे आणि मग आडवे खणकाम सुरू करायचे. यंत्राच्या तोंडाशी फिरणारी तबकडी खडक कुरतडते, चुरा पट्ट्यांवरून आणि डब्यांतून मागे जातो, आणि यंत्र पुढे सरकताच त्याच्या शेपटीकडे आधीच ओतून ठेवलेले काँक्रीटचे कमानीदार खंड जोडून पूर्ण वर्तुळाकार कडे बसवले जाते. कडे आणि खडक यांच्यामधली फट लगेच सिमेंटयुक्त मिश्रणाने भरतात. ही फट भरण्यात दिरंगाई झाली तर वरची जमीन खचू शकते, म्हणून इमारतींच्या सुरक्षिततेची खरी गुरुकिल्ली या साध्या वाटणाऱ्या कामात आहे.

मुंबईचा खडक मुख्यतः दख्खनच्या लाव्हारसाचा, म्हणजे काळा पाषाण. अखंड पाषाण बोगद्यासाठी चांगला असतो, कारण तो स्वतःचा भार पेलतो. परंतु या शहरात अखंड पाषाणाच्या शेजारीच ज्वालामुखीच्या राखेचे मऊ थर आणि खडकांच्या तुकड्यांचे सांधलेले थर भेटतात, आणि दक्षिणेकडे तर कफ परेडसारखा भाग समुद्रात भर घालून तयार केलेला आहे. यंत्र एकाच वेळी अर्धे कठीण आणि अर्धे मऊ थरात असले की ते सांभाळणे अवघड होते. म्हणून मार्गालगतच्या इमारतींवर कल, तडे आणि जमिनीचे खचणे मोजणारी उपकरणे बसवून त्यांची नोंद सतत ठेवावी लागते, आणि ठरलेल्या मर्यादेजवळ आकडा आला की काम थांबवून उपाय करावा लागतो.

बहुतेक स्थानके वरून खड्डा खणून, बाजूच्या भिंती आधी उभ्या करून आणि नंतर छत घालून बांधली. काळबादेवी आणि गिरगाव येथे मात्र रस्ता इतका अरुंद आहे की पूर्ण स्थानकाएवढा खड्डा घ्यायला जागाच नव्हती. तिथे फलाटांचा भाग ‘नवी ऑस्ट्रियन पद्धत’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रीतीने, आतल्या आत, थोडे खणायचे, लगेच काँक्रीटचा फवारा मारायचा, खडकात पोलादी खिळे ठोकायचे आणि मग पुढचे थोडे खणायचे, अशा बेताने कोरून काढला. या कामाकडे लोकांचे लक्ष फारसे गेले नाही, पण आमच्या मते संपूर्ण प्रकल्पातली सर्वांत कसबाची कामगिरी हीच आहे. हजारो माणसे वर नेहमीप्रमाणे खरेदी-विक्री करत असताना त्यांच्या पायाखाली पोकळी कोरणाऱ्या अभियंत्यांना आणि मजुरांना त्याचे श्रेय दिले पाहिजे.

भुयारीकरणाचा बेचाळिसावा आणि शेवटचा टप्पा नोव्हेंबर २०२२ च्या अखेरीस महालक्ष्मी येथे पूर्ण झाला. गाड्यांच्या कंपनाचा त्रास जुन्या वास्तूंना होऊ नये म्हणून रूळही वेगळ्या पद्धतीचे आहेत: काँक्रीटचे ठोकळे रबराच्या आवरणात बसवून त्यांवर रूळ टाकले आहेत, त्यामुळे चाकांचा हादरा बराचसा तिथेच शोषला जातो.

मात्र सगळ्याच इमारती उभ्या राहिल्या असे नाही. गिरगाव आणि काळबादेवीत स्थानकांच्या जागेसाठी काही जुन्या चाळी पाडाव्या लागल्या. तिथल्या रहिवाशांनी मुंबईबाहेर किंवा उपनगरात जायला ठाम नकार दिला, आंदोलने केली, आणि त्यांचे पुनर्वसन त्याच परिसरात नव्या इमारतींत करण्याचे धोरण मान्य करून घेतले. पिढ्यान्‌पिढ्या एका गल्लीत नांदलेल्या कुटुंबांसाठी हे किती मोलाचे आहे, हे गणेशोत्सवात गिरगावात फिरलेल्या कोणालाही सांगायला नको.

पारशी समाजाच्या अग्निमंदिरांचा वाद काय होता? (एक वाचक, पुणे)

भारतात पारशी समाजाची सर्वोच्च श्रेणीची अग्निमंदिरे, म्हणजे आतश बेहराम, आठ आहेत आणि त्यांतली चार मुंबईत आहेत. त्यांपैकी १८३० सालचे वाडियाजी आतश बेहराम आणि १८९७ सालचे अंजुमन आतश बेहराम ही दोन मंदिरे काळबादेवीजवळ, मेट्रोच्या वाटेवर येत होती. पवित्र अग्नीचा पृथ्वीशी असलेला संबंध अखंड राहिला पाहिजे अशी श्रद्धा असल्याने आवाराखालून बोगदा जाणे भाविकांना मान्य नव्हते. विधींसाठी लागणाऱ्या विहिरीच्या पाण्यावर परिणाम होईल आणि जुन्या वास्तूला धक्का पोहोचेल, ही भीतीही होती. २०१८ साली प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले, त्या भागातले काम काही महिने थांबले आणि वर्षाच्या अखेरीस न्यायालयाने स्थगिती उठवली. संख्येने लहान असलेल्या समाजाने आपले म्हणणे सनदशीर मार्गाने, संयमाने आणि अभ्यासपूर्वक मांडले, त्याची नोंद घेतली पाहिजे.

आरेच्या कारशेडवरून एवढा संघर्ष झाला. मेट्रो जर जमिनीखालून जाते, तर तिला जंगलातली जागा हवीच कशाला? (एक वाचक, नाशिक)

गाडी भुयारातून धावली तरी तिला रात्री उभे राहायला, धुवायला, तपासायला आणि दुरुस्त करायला उघड्यावरची विस्तीर्ण जागा लागते. ती मार्गाच्या एका टोकाला असेल तरच रोज पहाटे गाड्या वेळेवर सोडता येतात. आरे दुग्ध वसाहतीतली सुमारे तीस हेक्टर जागा याच हिशेबाने निवडली गेली. आरे हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून असलेला हिरवा पट्टा आहे, तिथे आदिवासी पाडे आहेत, बिबट्यांचा वावर आहे, आणि मिठी नदीच्या पाणलोटाचाही तो भाग आहे. त्यामुळे पर्यावरणप्रेमींनी पर्यायी जागेची मागणी सुरुवातीपासून केली.

ऑगस्ट २०१९ मध्ये महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाने २,६४६ झाडे तोडण्यास किंवा दुसरीकडे लावण्यास परवानगी दिली. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी उच्च न्यायालयाने विरोधातल्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री तोड सुरू झाली. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने पुढील तोड थांबवण्याचा आदेश दिला, पण तोवर दोन हजारांहून अधिक झाडे पडली होती. नोव्हेंबरात आलेल्या नव्या सरकारने कारशेडच्या कामाला स्थगिती दिली, पुढच्या वर्षी ती कांजूरमार्गला हलवण्याचा निर्णय घेतला आणि आरेतला मोठा भूभाग राखीव वन म्हणून जाहीर केला. कांजूरच्या जागेवर केंद्र सरकारने मालकी सांगितली, उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये तिथले काम थांबवले, आणि जुलै २०२२ मध्ये पुन्हा सरकार बदलल्यावर कारशेड आरेतच परतली. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये आणखी ८४ झाडांसाठी अर्ज करण्याची मुभा दिली होती. प्रत्यक्षात त्याहून अधिक झाडांची परवानगी मागितल्याबद्दल एप्रिल २०२३ मध्ये न्यायालयाने मेट्रो महामंडळाला दहा लाख रुपये भरायला लावले.

आमचे मत स्पष्ट आहे. हजारो गाड्या रस्त्यावरून कमी करू शकणारी भुयारी मेट्रो पर्यावरणाच्या हिताचीच आहे, आणि तिला कारशेड लागणार हेही खरे. परंतु न्यायालयाचा निकाल लागल्याबरोबर, विरोधकांना वरच्या न्यायालयात जाण्याइतकाही अवधी न देता रात्रीच्या अंधारात झाडे पाडण्याची घाई अक्षम्य होती. लोकांचा विश्वास त्या रात्री गमावला गेला आणि त्यानंतरची जवळजवळ तीन वर्षे वादातच गेली.

पावसाळ्यात मुंबईचे रस्ते पाण्याखाली जातात. भुयारात पाणी शिरले तर? (अनेक वाचक)

ही भीती निराधार नाही. २६ मे २०२५ रोजी, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुल ते आचार्य अत्रे चौक हा टप्पा सुरू होऊन पंधरा-सोळा दिवस होतात न होतात तोच, अवकाळी वाटावा इतक्या लवकर आलेल्या मुसळधार पावसात आचार्य अत्रे चौक स्थानकाच्या बांधकाम चालू असलेल्या प्रवेशमार्गातून पाणी आत घुसले आणि त्या स्थानकाची सेवा काही काळ बंद ठेवावी लागली. पूर्ण झालेल्या प्रवेशद्वारांची रचना निराळी असते: आत उतरण्यापूर्वी प्रवाशाला रस्त्याच्या पातळीवरून काही पायऱ्या वर चढाव्या लागतात, कारण दाराचा उंबरठा पुराची संभाव्य पातळी धरून उंच ठेवलेला असतो. शिवाय दारांना पाणी अडवणारे तक्ते लावण्याची सोय आणि आत झिरपलेले पाणी उपसणारे पंप असतात. त्या दिवशी कमकुवत ठरले ते अर्धवट राहिलेले दार. काम अपुरे असताना स्थानक खुले करण्याची घाई करू नये, हा धडा पुढच्या प्रत्येक भुयारी मार्गाच्या बांधणीत पाळला जायला हवा.

खर्च किती झाला आणि पैसा कोणी दिला? (एक वाचक, सोलापूर)

मंजुरीच्या वेळचा अंदाज २३,१३६ कोटी रुपयांचा होता. तो वाढत जाऊन ३७ हजार कोटींच्या वर गेला. मुंबई मेट्रो रेल कॉर्पोरेशन ही केंद्र व महाराष्ट्र शासन यांची निम्म्या-निम्म्या भागीदारीची कंपनी हा प्रकल्प राबवते, आणि निधीचा निम्म्याहून अधिक भाग जपानच्या ‘जायका’ या संस्थेच्या दीर्घ मुदतीच्या कर्जातून आला आहे.

या गाड्या चालकाशिवाय धावतात हे खरे आहे का? (एक शालेय विद्यार्थी, अहिल्यानगर)

गाड्या आठ डब्यांच्या आहेत आणि आंध्र प्रदेशातील श्रीसिटी येथील अल्स्टॉमच्या कारखान्यात तयार झाल्या आहेत. चालकाविना धावता येईल अशी यंत्रणा त्यांत बसवलेली आहे. गाडी आणि नियंत्रण कक्ष यांच्यात रेडिओ लहरींवरून सतत संवाद चालू असतो, त्यामुळे पुढची गाडी किती अंतरावर आहे हे मागच्या गाडीला क्षणोक्षणी कळते. अशी यंत्रणा असली तरी सुरुवातीच्या काळात गाडीत कर्मचारी ठेवण्याची पद्धत सर्वत्र आहे आणि इथेही तीच पाळली गेली. फलाटाच्या कडेला काचेची दारे आहेत आणि ती गाडीच्या दारांबरोबरच उघडतात, म्हणून रुळांवर पडण्याचा धोका राहत नाही.

मी ठाण्याहून येते. दुसऱ्या गाडीतून या मेट्रोत कुठे बदलता येईल? (एक वाचक भगिनी, ठाणे)

आपल्यासाठी दोन सोयीच्या जागा आहेत. मध्य रेल्वेने घाटकोपरला उतरून वर्सोव्याकडे जाणारी मेट्रो १ घ्यावी आणि मरोळ नाक्याला भुयारी मेट्रोत बदलावे. विमानतळ, सीप्झ किंवा वांद्रे-कुर्ला संकुल गाठायचे असेल तर हाच मार्ग बरा. दक्षिणेकडे जायचे असेल तर थेट सीएसएमटीला उतरून तिथल्या मेट्रो स्थानकात जाता येते. दादरला मात्र एक सावधगिरी बाळगावी. मेट्रोचे दादर स्थानक रेल्वे स्थानकाला लागून नाही. ते पश्चिमेला, शिवसेना भवनाच्या परिसरात आहे, आणि दादरच्या फुलबाजाराच्या गर्दीतून तिथवर चालत जावे लागते. सामान बरोबर असेल किंवा वयस्कर माणसे सोबत असतील तर हे अंतर विचारात घ्यावे. तिकिटाचे दर अंतरानुसार किमान दहा रुपयांपासून आहेत आणि पूर्ण मार्गासाठी सत्तर रुपये पडतात.

कुलाब्यालाही पूर्वी रेल्वे होती असे माझे आजोबा सांगत. ते खरे आहे का, आणि ही मेट्रो पुढे कुलाब्यापर्यंत जाणार आहे का? (एक वाचक, रत्नागिरी)

आपल्या आजोबांनी सांगितलेले पूर्णपणे खरे आहे. बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे, म्हणजे आजची पश्चिम रेल्वे, चर्चगेटच्या पुढे कुलाब्यापर्यंत जात असे आणि कुलाबा हे तिचे शेवटचे स्थानक होते. बॅकबे भागात समुद्रात भर घालून नवी वस्ती वसवण्याच्या योजनेत ती जमीन हवी होती. डिसेंबर १९३० मध्ये लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी बॉम्बे सेंट्रल स्थानक सुरू झाले आणि त्याच महिन्याच्या अखेरीस कुलाबा स्थानक बंद होऊन चर्चगेट हे लोकलचे टोक बनले. तेव्हापासून चर्चगेटच्या दक्षिणेला प्रवासी रेल्वे नव्हती. ९ ऑक्टोबर २०२५ रोजी विधान भवन आणि कफ परेड ही स्थानके प्रवाशांसाठी उघडली, तेव्हा जवळजवळ पंचाण्णव वर्षांनी त्या टोकाला पुन्हा गाडी आली. कुलाबा कॉजवे, ससून डॉक किंवा नेव्हीनगर गाठण्यासाठी कफ परेडला उतरून बस किंवा टॅक्सी घ्यावी लागते. मार्ग नेव्हीनगरपर्यंत सुमारे अडीच किलोमीटर वाढवण्याचा प्रस्ताव मांडला गेला होता. मात्र तो भाग नौदलाचा असल्याने तिथे स्थानक कुठे असावे याविषयी नौदलाची संमती हा त्यातला निर्णायक मुद्दा आहे.